दूरचित्रवाणीवरील पुरुषाचे कौमार्य (खान्देशाच्या संदर्भात)

लैंगिक अनुभव नसलेला पुरुष दूरचित्रवाणी कसा रंगवते आणि त्यावरून त्याचे पुरुषत्व कसे जोखते, हा या नोंदीचा विषय. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत हे चित्रण मुख्यतः हिंदी-मराठी वाहिन्यांवरून पोहोचले. त्यात दोन पुरुष ठळक दिसतात: व्रत म्हणून ब्रह्मचर्य पाळणारा आणि बाईमाणसासमोर ततपप करणारा. तिशी उलटूनही लग्न न जमलेला साधा माणूस खान्देशात गावोगाव आहे, पडद्यावर मात्र जवळपास नाहीच.

व्रतस्थ पुरुषाची परंपरा पौराणिक मालिकांनी घरोघरी नेली. १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘रामायण’मधला हनुमान दारासिंग यांनी साकारला; ते खरेखुरे पहिलवान होते. ज्या गावांत मारुतीच्या देवळाजवळ तालीम आणि यात्रेत कुस्त्यांची दंगल, तिथे ही निवड अगदी चपखल बसली. लंगोटाचा पक्का तोच बलवान, ही तालमीतली जुनी समजूत. पाठोपाठ ‘महाभारत’मध्ये (१९८८–९०) मुकेश खन्ना यांचा भीष्म आला. आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा घेताच त्याच्यावर आकाशातून फुले पडतात. हा मान प्रतिज्ञेचा असतो. ज्याला कुणी मुलगीच दिली नाही, त्याच्या वाट्याला तो येत नाही.

कौटुंबिक मालिकांत नायकाचे कौमार्य कुणी उच्चारत नाही, ते गृहीत असते. ठरलेला प्रसंग पाहा: फुलांनी सजवलेला पलंग, केशरी दुधाचा पेला, नवरी अवघडून बसलेली. नायक उशी उचलतो आणि सोफ्यावर किंवा खाली चादरीवर झोपतो. हा दुरावा महिनोन्‌महिने चालतो. नायकाचा संयम हेच त्याचे मोठेपण ठरते, आणि ही मांडणी नुसत्या मर्दुमकीपेक्षा नक्कीच चांगली आहे. पण त्याला काही माहीत नसेल, भीती वाटत असेल, ही शक्यता लेखक चुकूनही घेत नाहीत. ती विनोदी कार्यक्रमातल्या घोडनवऱ्यासाठी राखून ठेवलेली असते.

अमेरिकी वाहिन्यांवर हेच कौमार्य उणीव किंवा नवल म्हणून येते. जोडीदारीण निवडण्याच्या ‘द बॅचलर’ या रिअॅलिटी शोच्या २०१९ च्या पर्वाची जाहिरात कोल्टन अंडरवूड या माजी अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या कौमार्याभोवतीच फिरवली गेली. २०२१ मध्ये त्याने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. एका पुरुषाने अनेक स्त्रियांतून जोडीदारीण निवडायची, अशा मांडणीत त्या सत्याला जागाच नव्हती.

भारतात शरीराविषयीची माहिती आजाराच्या वाटेने आली. दूरदर्शनच्या ‘जासूस विजय’ मालिकेतला गुप्तहेर स्वतः एचआयव्हीबाधित होता, हे धाडस मोठे होते. मात्र डिसेंबर २०१७ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत न दाखवण्याची सूचना दिली.

खान्देशात हे रिकामेपण जास्त बोचते. २०११ च्या जनगणनेत जळगाव हा राज्यात मुलींचे बालवयातील प्रमाण कमी असलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मुलीकडच्यांना नोकरीवाला हवा असतो, त्यामुळे केळी-कापूस पिकवणारा मुलगा बायोडेटा घेऊन वर्षानुवर्षे स्थळे पाहत राहतो. हळदीत नाचताना, पारावर बसताना ‘लगीन कव्हय?’ हा प्रश्न त्याची पाठ सोडत नाही, आणि त्यामागे त्याच्या मर्दपणाविषयीची कुजबुज असते. दलालाने पैसे घेऊन लावलेल्या लग्नातली नवरी दागिने घेऊन पळाली, की बातम्यांत तो दिसतो, फसलेला नवरदेव म्हणून. त्याआधीची त्याची दहा वर्षे मालिकांचा विषय सहसा होत नाहीत.