सेन्सॉरच्या अंधाऱ्या खोलीत कोण बसतं?

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर सेन्सॉरचं प्रमाणपत्र झळकतं. त्यावर परीक्षण समितीच्या सदस्यांची नावं असतात, पण ती वाचून होण्याआधीच पडदा बदलतो. कुठे कात्री लावायची ते आधी ही माणसं ठरवतात. त्यांना कोण नेमतं, हा प्रश्न मला कुठल्याही एका 'कट'पेक्षा मोठा वाटतो.

१९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर मंडळं आली. मुंबईच्या मंडळाचे अध्यक्ष पोलीस आयुक्त. सोबत काही सरकारी अधिकारी आणि निरनिराळ्या समाजांतली प्रतिष्ठित मंडळी. म्हणजे सिनेमाकडे सरकारने आधी पाहिलं ते बंदोबस्ताच्या नजरेने. १९३५ मध्ये पुण्याच्या प्रभातला संत एकनाथांवरच्या चित्रपटाचं 'महात्मा' हे नाव बदलून 'धर्मात्मा' करावं लागलं, तेही याच नजरेपायी. नाव ऐकून लोकांना गांधीजी आठवतील, ही धास्ती होती!

१९२७ साली नेमलेल्या रंगाचारियार समितीने मुंबईत एकच केंद्रीय मंडळ असावं असं सुचवलं. ते प्रत्यक्षात आलं स्वातंत्र्यानंतर, जानेवारी १९५१ मध्ये. पाठोपाठ १९५२चा कायदा आला आणि तोच, दुरुस्त्यांसह, आजही चालू आहे. १९८३ मध्ये मंडळाच्या नावातलं 'सेन्सॉर' जाऊन 'प्रमाणन' आलं. लोकांच्या तोंडून मात्र सेन्सॉर काही गेला नाही.

मंडळाचं मुख्यालय मुंबईत आहे आणि प्रादेशिक कार्यालयं नऊ. अध्यक्ष आणि १२ ते २५ सदस्य केंद्र सरकार नेमतं. पण रोजचे चित्रपट हे सदस्य पाहत नाहीत. त्यासाठी प्रत्येक कार्यालयाला सल्लागार पॅनेल असतं, आणि तेही केंद्रच नेमतं. पॅनेलवर येण्यासाठी कायद्यातली अट एवढीच, की चित्रपटाचा लोकांवर होणारा परिणाम जोखायला ही व्यक्ती योग्य आहे असं सरकारला वाटलं पाहिजे. सिनेमाचा अभ्यास, भाषेची जाण, कलेची ओळख यांतलं काहीच सक्तीचं नाही. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी १९८३च्या नियमांनी एक परीक्षण अधिकारी आणि पॅनेलवरचे चार सदस्य अशी समिती ठरवली, त्यात दोन स्त्रिया हव्यातच. खेळ संपला की प्रत्येकाने आपलं मत लेखी द्यायचं. निर्मात्याला निर्णय पटला नाही तर प्रकरण रिव्हायझिंग कमिटीकडे, म्हणजे फेरतपासणी समितीकडे, जातं. त्यापुढे अपिलीय न्यायाधिकरण होतं, ते एप्रिल २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. छोट्या मराठी निर्मात्याची प्रदर्शनाची तारीख ठरलेली असते, थिएटरं मिळवताना आधीच नाकी नऊ आलेले असतात. तो कोर्टात न जाता कट मान्य करतो.

मंडळ सरकारपासून स्वतंत्र असावं, हे खोसला समितीने १९६९ मध्येच सांगितलं होतं. २०१६ मध्ये श्याम बेनेगल समिती म्हणाली, मंडळाने वयोगट ठरवावा, कापाकापी करू नये. २०२३च्या दुरुस्तीने 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या प्रमाणपत्राचे, ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे केले. २०२४च्या नियमांनी मंडळात आणि पॅनेलमध्ये किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात असं ठरवलं. नेमणुकीचा अधिकार मात्र १९५२ मध्ये जिथे होता तिथेच, केंद्र सरकारकडे आहे.