रवानगी माणिकडोहला

‘अखेर बिबट्या जेरबंद.’ जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा मथळा पाठ झालेला आहे. बातमीचा साचाही ठरलेला: पिंजऱ्याभोवती जमलेली गर्दी, वनखात्याच्या पथकाची नावं आणि शेवटची ओळ, ‘बिबट्याची रवानगी माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रात करण्यात आली.’ वाचणाऱ्याचा विषय तिथे मिटतो. पण जुन्नर तालुक्यातलं हे केंद्र मुळात का काढावं लागलं आणि तिथे गेलेला बिबट्या सहसा बाहेर का येत नाही, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात पाण्यापासून. कुकडी प्रकल्पातली माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं झाली, कालवे फिरले आणि बाजरीच्या रानात ऊस आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो, माणसाच्या डोक्यावरून जातो. आत सावली नि गारवा, बाहेर मळ्यामळ्यावर शेळ्या, वासरं, कुत्री. बिबट्याला आणखी काय लागतं? तो घाटातल्या जंगलातून वाट चुकून खाली उतरतो ही समजूत अजून टिकून आहे. प्रत्यक्षात फडातच जन्मून फडातच वाढलेल्या बिबट्यांच्या पिढ्या इथे झाल्या. अशा जनावराला ‘जंगलात परत’ सोडणं म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही.

फेब्रुवारी २००१ मध्ये जुन्नर वनविभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडायला सुरुवात झाली. पुढच्या तीन वर्षांत शंभरावर बिबटे, बहुतेक वस्तीच्या आसपासचे, पिंजऱ्यात घेतले गेले आणि सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलात सोडले गेले. हेतूत खोट नव्हती. लोकांचा रेटा होता आणि दुसरा उपाय माहीत नव्हता. पण झालं उलटंच. त्याआधीच्या आठ वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ झाले आणि त्यातल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नवख्या मुलखात सोडलेलं, घाबरलेलं जनावर अनोळखी वस्त्यांतून वाट काढू लागलं की काय होणार, हे आज ऐकताना उघड वाटतं. तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

बिबट्या सोडल्या जागी थांबत नाही, याचा पुरावा ‘आजोबा’ने दिला. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या या वयस्क नराला बाहेर काढून, गळ्यात ठावठिकाणा कळवणारी कॉलर बांधून माळशेज घाटात सोडलं. तो निघाला तो थेट पश्चिमेला. कसारा स्टेशनजवळून गेला, वसईची खाडी पोहून ओलांडली आणि सुमारे १२० किलोमीटर तोडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पोचला. वाटेत एकाही माणसाला त्याने नख लावलं नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मेला.

माणिकडोहचं केंद्र उभं राहिलं ते याच धरपकडीतून. एका गावाने पकडून दिलेला बिबट्या दुसऱ्या गावाला आपल्या शिवारात नको असतो. मग ठेवायचा कुठे? वनखात्याच्या जोडीने ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था हे केंद्र चालवते. नाचवली जाणारी अस्वलं सोडवण्याच्या कामातून ती नावारूपाला आली. विहिरीतून काढलेले, रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत पाय गमावलेले, माणसावर हल्ला केल्याचा संशय असलेले, असे सगळे इथे येतात. पिंजऱ्याचे गज चावून सुळे तुटलेलेही असतात, आणि सुळे गेलेल्याला रानात शिकार कशी मिळणार? माणसावर हल्ला केल्याचं ठरलेला बिबट्या पुन्हा सोडायचा नाही, असं केंद्र सरकारची २०११ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. म्हणजे आत येणारे येतच राहतात, जाणारे थोडे. पिंजरे वाढवले तरी जागा कमीच पडते.

सोडवलेल्या प्राण्यांना जन्मभर सांभाळायची वेळ सरकारवर आधीही आली होती, पण वेगळ्या वाटेने. १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडांच्या खेळांवर बंदी घातली, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि सर्कशीतल्या सिंह-वाघांसाठी भोपाळ, बन्नेरघट्टा, तिरुपती अशा ठिकाणी केंद्रं काढावी लागली. १८८० मध्ये विष्णुपंत छत्र्यांनी सुरू केलेल्या भारतीय सर्कशीच्या प्रवासाचं हेही एक टोक. फरक इतकाच, की सर्कशीचा सिंह संपला की तिथला पिंजरा रिकामा राहतो. उसाच्या पट्ट्यात तसं होत नाही. २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात लागोपाठ बळी गेले, लोक रस्त्यावर उतरले आणि पिंजऱ्यांची मागणी पुन्हा जोरात आली. रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला रानात जाणाऱ्याला अभ्यासातले आकडे सांगून उपयोग नसतो, हेही खरं.

एका बाबतीत मात्र रीत बदलली. तोड सुरू झाली की फडात बछडे सापडतात, मांजराच्या पिलाएवढे, कधी डोळेही न उघडलेले. पूर्वी ते उचलून केंद्रात आणत, माणसाच्या हातून दूध पिऊन ते वाढत आणि कायमचे तिथलेच होत. आता तोड थांबवतात, बछड्यांची तपासणी करतात, ओळखीसाठी कातडीखाली बारीक चिप घालतात आणि दिवस मावळताना ते जिथे सापडले तिथेच प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवून सगळे मागे सरतात. मादी आसपासच असते. क्रेट आडवा पाडते, एकाला मानेला धरून उसात शिरते, थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी येते. दूर लावलेल्या कॅमेऱ्यात हे टिपलं जातं. ती आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवून बघतात. तरीही फिरकली नाही, की क्रेट जीपमध्ये चढतो आणि गाडी माणिकडोहच्या रस्त्याला लागते.