म्हातारं मांजर खूप पाणी पितंय? किडनीत नेमकं काय चाललंय ते समजून घेऊया

"पाणी तर भरपूर पितेय, शू पण साफ होतेय, मग किडनीला काय होणार?" म्हातारं मांजर असलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि दर वेळी माझा जीव कासावीस होतो, कारण प्रकार बरोबर उलटा असतो. मांजराची किडनी हळूहळू निकामी व्हायला लागली की शू कमी होत नाही, वाढते. लिटरमधले (शूसाठी ठेवलेल्या वाळूतले) गोळे मोठे दिसायला लागतात, मांजर बादलीत तोंड घालतं, बेसिनच्या नळाशी जाऊन बसतं, आणि घरच्यांना वाटतं उन्हाळाय, पितंय, छान आहे. (बोका वारंवार बसतोय पण शू होतच नाहीये, हा वेगळा प्रकार, मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, त्यात सकाळची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर.)

दहा वर्षांपुढच्या मांजरांत साधारण ३० ते ४० टक्के मांजरांना किडनीचा हा जुनाट आजार असतो असं धरलं जातं. मांजराच्या एका किडनीत दोनेक लाख नेफ्रॉन असतात, माणसाच्या एका किडनीत दहा लाखाच्या आसपास. नेफ्रॉन म्हणजे रक्त गाळणारी एक बारीक चाळणी आणि तिला जोडलेली लांब नळी. जो नेफ्रॉन मेला तो मेला, नवीन येत नाही, पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवावं लागतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. चाळणीतून दिवसभरात जे पाणी गाळलं जातं त्यातलं जवळजवळ सगळं शरीर परत घेतं, नाहीतर प्राणी काही तासांत सुकून जाईल. पण पाणी ओढून घेणारा पंप निसर्गात कुठेच नाही! पेशींना फक्त मीठ पंप करता येतं. पाणी मग आपणहून मिठाच्या मागे जातं, लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तेच शाळेतलं ऑस्मोसिस. म्हणजे किडनीच्या आत कुठेतरी प्रचंड खारट जागा तयार करायची आणि शूची नळी तिथून न्यायची, की काम झालं. प्रश्न हा की एक पंप थोडाच फरक पाडू शकतो, साधारण २०० मिलिऑस्मोलचा (पाण्यात किती कण विरघळलेत त्याचं हे माप, रक्ताचं ३०० च्या आसपास असतं), आणि मांजराच्या किडनीच्या टोकाला तर खारटपणा ३००० च्या वर जातो. माणसाचा १२०० पर्यंतच. हे कसं जमतं?

जमतं ते नळीच्या आकारामुळे. हेन्लेचा लूप म्हणजे खाली जाऊन परत वर येणारी यू आकाराची नळी. तिच्या उतरत्या भागातून पाणी बाहेर जाऊ शकतं, आणि चढत्या भागात पाण्याला बंदी पण मीठ बाहेर फेकणारे पंप आहेत. सुरुवातीला सगळीकडे ३०० धरा. पंप चालू झाला, चढत्या नळीत २०० उरलं, बाहेर ४०० झालं, बाहेर खारट झाल्यामुळे उतरत्या नळीतलं पाणी बाहेर गेलं आणि तीही ४०० ची झाली. आता मागून नवीन पाणी आलं की हे ४०० वालं पाणी पुढे सरकून वळणावरून चढत्या नळीत येतं, म्हणजे पंपाला तिथे सुरुवातच ४०० पासून करायला मिळते, तो परत २०० चा फरक पाडतो, आत ३०० बाहेर ५००. परत पाणी पुढे सरकतं, आता सुरुवात ५०० पासून. असं होत होत खालच्या टोकाला खारटपणा चढत जातो. दोन नळ्यांत पाणी उलट्या दिशांनी वाहतं एवढ्या एका गोष्टीमुळे छोट्या पंपाचा परिणाम कितीतरी पट होतो. एकदा हे डोक्यात बसलं की किडनीकडे बघायची नजरच बदलते, निदान माझी तरी बदलली.

शेवटी शू गोळा करणारी नळी या खारट भागातून खाली उतरते. मेंदूकडून एडीएच हे हार्मोन आलं की तिच्या भिंतीत ॲक्वापोरिन नावाची पाण्याची दारं उघडतात आणि पाणी बाहेर ओढलं जातं. घरातल्या मांजरांचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या भागातली रानमांजरं, त्यांना उंदीर-पक्ष्यांच्या अंगातल्या पाण्यावर भागवायला लागायचं, म्हणून ही व्यवस्था मांजरात इतकी जोरदार आहे.

आता यातले अर्ध्याहून जास्त नेफ्रॉन गेले असं समजा. कचरा तेवढाच आहे, उरलेल्यांवर डबल ड्यूटी आली. प्रत्येक नळीतून पाणी जोरात आणि जास्त कचरा घेऊन वाहतं, कचऱ्याचे कण पाणी धरून ठेवतात, आजूबाजूला चट्टे पडून लूपची रचना बिघडते, खारट भागाचा खारटपणा उतरतो. एडीएच येतंय, दारं उघडतायत, पण बाहेर ओढून घेणारं मीठच नाही. मग शू पातळ होते आणि भरपूर होते. निरोगी मांजराच्या शूची घनता १.०३५ च्या वर असते, ती घसरत घसरत १.०१० च्या आसपास येऊन थांबते, म्हणजे जवळपास चाळणीतून नुकत्याच गाळलेल्या पाण्याइतकीच. आधी पाणी जातं, मग तहान लागते, क्रम हा आहे. म्हणून गादीवर शू करते म्हणून रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवणं कृपा करून करू नका, आठ-दहा तासांत मांजर कोरडं पडू शकतं. (डायबिटीस आणि थायरॉइड वाढल्यावरही तहान वाढते, त्यामुळे तपासणी तर हवीच.)

दुसरा धक्का रिपोर्टचा. "मागच्या वर्षी क्रिएटिनिन नॉर्मल होतं, अचानक किडनी कशी गेली?" अचानक गेली नाही. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनीने गाळून बाहेर टाकायचा. गाळण्याची ताकद निम्मी झाली की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. समजा तरुणपणी ०.८ होतं. निम्मी ताकद गेली, १.६ झालं, पण बऱ्याच लॅबच्या कागदावर हे अजून नॉर्मलच. उरलेल्यातली निम्मी गेली, ३.२. परत निम्मी, ६.४. पहिला अर्धा भाग जाताना आकडा ०.८ ने वाढला आणि शेवटचा छोटासा तुकडा जाताना ३.२ ने. त्यात क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि म्हातारं मांजर वाळलेलं असतं, त्यामुळे आकडा आणखी कमी दिसतो. एसडीएमए नावाची टेस्ट स्नायूंवर इतकी अवलंबून नसते आणि बरेचदा लवकर वाढते, शक्य असेल तिथे करून घ्या, आणि शूची घनता तर साध्या उपकरणावर मिनिटात कळते.

उपचार म्हणजे उरलेल्या नेफ्रॉनचं ओझं कमी करणं. फॉस्फरस कमी असलेल्या रीनल डाएटमागे (किडनीच्या आजारासाठीचं खास खाणं) सगळ्यात भक्कम पुरावा आहे, पण मळमळत असताना ते पुढे केलं तर मांजर त्या वासालाच कायमचं धसकतं, आणि मांजराने काहीतरी खाणं हे योग्य ते खाण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं. मळमळ, बीपी, पोटॅशियम, रक्त कमी होणं, प्रत्येकासाठी औषधं आहेत. बीपीमुळे मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं, ते मोजायला सांगा. सलाइन कातडीखाली घरी देता येतं, डॉक्टर शिकवतात, आमच्याकडच्या सोळा वर्षांच्या मनीला ते दिल्यावर तासाभरात उठून ती आपली जागा बदलायची आणि तेवढंच बघून घर सुखावायचं. पण सलाइनने नेफ्रॉन परत येत नाहीत. "किडनी शुद्ध करणारी" पावडर विकणाऱ्यांपासून लांब राहा. जपानमध्ये तोरु मियाझाकी या संशोधकांचं एआयएम प्रोटीनवरचं (रक्तातलं एक प्रोटीन, किडनीत साचलेला कचरा साफ करायला मदत करणारं) काम खरंच रंजक आहे, लोकांनी त्यासाठी कोट्यवधी येन देणगी दिली, पण संशोधन चालू असणं आणि तुमच्या मांजराला आज औषध मिळणं यात फार अंतर आहे. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात नाही, मांजराच्या लिव्हरमध्ये ती नीट निकामी करणारं एन्झाइमच धड काम करत नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते.

मग तो प्रश्न येतो, कधी थांबायचं, म्हणजे मांजराला शांतपणे मरण देणारं शेवटचं इंजेक्शन कधी द्यायचं. क्रिएटिनिनवर ठरवू नका, मोठा आकडा असूनही खाऊन अंग चाटत बसणारी मांजरं असतात. मांजर दुखणं लपवतं, आणि घुरघुरणं म्हणजे आनंदच असं नाही, वेदनेतही ती घुरघुरतात. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पद्धत मांडली: कान, डोळ्यांचं बारीक होणं, तोंडाचा ताण, मिशा, डोक्याची ठेवण, प्रत्येकाला ० ते २ मार्क, एकूण १० पैकी ४ किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी वेदनेच्या औषधाबद्दल बोला. ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्यांची यादीही उपयोगी आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी मार्क, रोज, शक्यतो घरातल्या दोघांनी वेगवेगळे. एकट्याच्या मनाला आशा फसवते.

आपल्याकडे इथे एक भीती आडवी येते, मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं. ही म्हण मनात ठेवून लोक शेवटचे आठ दिवस मांजराला तसंच ठेवतात आणि त्याला नैसर्गिक मरण म्हणतात. रक्तात युरिया (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) वाढून येणारं मरण शांत नसतं. तोंडात जखमा होतात, उलट्या होतात, कधी झटके येतात. आपण त्याला मारत नसतो, आजार मारतोय, वेदना किती दिवस चालू द्यायच्या एवढंच आपल्या हातात असतं, आणि ज्यांनी महिनोन्महिने सुया टोचून, रात्री उठून त्याचं केलं त्यांच्या माथी पाप मारणं मला सहन होत नाही.

हे शेवटचं इंजेक्शन म्हणजे भूल देण्याच्या औषधाचाच मोठा डोस. आधी मेंदूची जाणीव जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. नंतर डोळे उघडे राहतात, एखादा श्वास घेतल्यासारखी हालचाल होऊ शकते, शू होऊ शकते, हे सगळं जाणीव गेल्यानंतरचं असतं. आधी गुंगीचं इंजेक्शन द्या असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण कोरड्या पडलेल्या मांजराची शीर सापडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात त्याला धरून ठेवावं लागू नये. डॉक्टर घरी येतात का हे आधीच विचारून ठेवा, आणि नंतरची सोय कुठे आहे तेही त्याच फोनवर विचारून घ्या, त्या दिवशी शोधाशोध करायची ताकद कुणात नसते.