गेमिंग पीसीसाठी पॉवर सप्लाय निवडणं

सॉकेटमधून येणाऱ्या २३० व्होल्ट एसीचं १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करून मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, फॅन या सगळ्यांना पुरवणारा कॅबिनेटमधला डबा म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानात त्याला सर्रास एसएमपीएस म्हणतात, ऑनलाइन पीएसयू लिहितात, वस्तू एकच. निवडताना बहुतेक जण फक्त वॅटचा आकडा बघतात आणि गडबड तिथंच होते, कारण ५५० वॅट छापलेले दोन डबे शेजारी ठेवले तर एक खरोखर ५५० वॅट तासन्‌तास देतो आणि दुसरा ३०० च्या पुढं गेला की धापा टाकायला लागतो. त्यात बजेटची गंमत अशी की सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात जातात, मग रॅम, मग आरजीबीवाले फॅन, आणि शेवटी उरलेल्या हजार-दीड हजारात एसएमपीएस, किंवा कॅबिनेटबरोबर फुकट आलाय तोच चालवू.

किती वॅट लागतात

हिशोब अवघड नाही. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर हे दोनच मोठे खाणारे, बाकी सगळं मिळून, म्हणजे मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन, यूएसबीला लावलेलं सामान, साधारण ५० ते ८० वॅट धरा. कार्डाचा आकडा कंपनीच्या साइटवर सापडतो: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ४०७० सुपरला २२०, आरएक्स ७८०० एक्सटीला २६३, ४०९० ला ४५० आणि ५०९० ला ५७५.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र बॉक्सवरचा टीडीपी (उष्णतेच्या हिशोबाने दिलेला वॅटचा आकडा) बघून फसू नका. इंटेलच्या आय९-१४९००के वर १२५ वॅट लिहिलेलं असतं, पण टर्बोला (जास्त वेगाने पळताना) २५३ वॅटपर्यंत जायची परवानगी इंटेलनेच दिलेली आहे, आणि काही मदरबोर्ड तर तीही मर्यादा बाय डिफॉल्ट उघडी ठेवायचे. एएमडीचं तसंच, १०५ वॅटवाला रायझन १४२ पर्यंत जातो आणि १७० वाला २३० पर्यंत. म्हणून हिशोबात टीडीपी न घेता कमाल आकडा घ्यायचा.

आता रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ४०६० घ्या, कॉलेजच्या पोरांच्या बजेटमधला ठरलेला बिल्ड. प्रोसेसर ७६, कार्ड ११५, बाकी ६०, झाले २५१ वॅट. याला ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय आरामात पुरतो आणि दुकानदार ७५० वॅटचा गळ्यात मारत असेल तर तो पुढं मोठं कार्ड टाकायचं असेल तरच घ्या. उलट १४९००के आणि ४०९० असेल तर २५३ अधिक ४५० अधिक ८०, म्हणजे ७८३, इथं १००० वॅट घ्यावा. एन्व्हिडिया ४०९० साठी ८५० सांगते आणि ते जमतंही, पण इतका महागडा मशीन घेऊन अगदी काठावर कशाला राहायचं.

साधारण नियम असा की बेरजेवर तीस-चाळीस टक्के मोकळी जागा ठेवायची. त्यापेक्षा जास्त ठेवली तर मशीनचं काही बिघडत नाही, पैसे जास्त जातात एवढंच. १००० वॅटचा सप्लाय लावला की बिल १००० वॅटचं येतं हा समज अजून बऱ्याच घरांत आहे (विशेषतः बिल भरणाऱ्यांच्या डोक्यात), पण पीसी जेवढं मागेल तेवढंच तो भिंतीतून ओढतो.

लेबल कसं वाचायचं

पॉवर सप्लायच्या एका बाजूला स्टिकर असतो आणि त्यावर व्होल्टेज आणि अँपिअरचा तक्ता असतो. त्यात बघायची ओळ एकच, १२ व्होल्टची. कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही १२ व्होल्टवरच चालतात. पूर्वी तसं नव्हतं, १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मदरबोर्ड आणि सप्लायचं स्टँडर्ड आणलं तेव्हा प्रोसेसरचा भार ५ आणि ३.३ व्होल्टवर असायचा, २००० च्या सुमारास पेंटियम ४ बरोबर तो १२ व्होल्टवर सरकला आणि त्यासाठी एटीएक्स१२व्ही आलं. चांगल्या कंपन्यांनी डिझाइन बदललं. स्वस्तातल्या काही डब्यांत मात्र अजून ५ आणि ३.३ व्होल्टचे मोठे आकडे दाखवून बेरीज फुगवलेली असते.

१२ व्होल्टच्या ओळीतल्या अँपिअरला १२ ने गुणा. ५५० वॅटच्या बऱ्या युनिटवर तिथं ४५ अँपिअरच्या आसपास दिसतं, म्हणजे ५४० वॅट, जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर. आता लोकल डबा, वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट आणि तक्त्यात १२ व्होल्टला १८ अँपिअर. १८ गुणिले १२, २१६. गेमिंगसाठी तो २१६ वॅटचाच सप्लाय आहे, उरलेले वॅट जिथं आहेत तिथं कोणी मागत नाही. काही ठिकाणी तर हा तक्ताच नसतो किंवा आकड्याच्या पुढं बारीक अक्षरात पीक (म्हणजे फक्त क्षणभर मिळणारा कमाल आकडा) लिहिलेलं असतं, असा डबा खाली ठेवून पुढच्या दुकानात जायचं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत उभं राहून हा गुणाकार मोबाइलवर करायला दहा सेकंद लागतात.

वजन बघा असंही जुने लोक सांगतात. त्यात तथ्य आहे, स्वस्त युनिटमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक छोटे असतात आणि इनपुटचा फिल्टर पूर्ण वगळलेला असतो, पण वजनावर एकट्यावर विसंबू नये.

क्षणिक स्पाइक

२०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आले तेव्हा एक नवीनच तक्रार सुरू झाली. हिशोबाने ७५० वॅट पुरत होते, सप्लाय नावाजलेल्या कंपनीचा, तरी गेम मध्येच बंद आणि पीसी डायरेक्ट ऑफ. कारण कार्डाची सरासरी ३२० किंवा ३५० वॅट असली तरी सेकंदाच्या अगदी छोट्या भागासाठी ते त्याच्या दुपटीच्या जवळपास उडी मारायचं आणि सप्लायमधलं ओव्हरकरंट प्रोटेक्शन ते शॉर्ट समजून लाइन तोडायचं. म्हणजे दोष म्हणावा तर कोणाचाच नाही.

यावर २०२२ मध्ये एटीएक्स ३.० आलं, त्यात नवीन १६ पिन कनेक्टरवाल्या (त्याबद्दल पुढं) सप्लायने स्वतःच्या क्षमतेच्या २०० टक्के भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत झेलावा असं लिहिलं आहे. २०२३ मध्ये ३.१ ने त्यात दुरुस्त्या केल्या. छोट्या कार्डाला जुना चांगला सप्लाय चालतोच, पण ३०० वॅटच्या पुढचं कार्ड नव्याने घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच घ्या.

प्रोटेक्शनचा विषय निघालाच आहे तर, ओव्हरव्होल्टेज, ओव्हरकरंट, ओव्हरपॉवर, शॉर्ट सर्किट आणि तापमान, ही सगळी प्रोटेक्शन असली पाहिजेत आणि ती नीट सेट केलेली असली पाहिजेत. २०२१ मध्ये गिगाबाइटच्या पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या मॉडेलचे युनिट टेस्टिंगमध्ये फटाक्यासारखे उडल्याचं गेमर्स नेक्सस या हार्डवेअर तपासणाऱ्या यूट्यूब चॅनेलने दाखवलं होतं. मग कंपनीने ओव्हरपॉवर प्रोटेक्शनची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० वर आणली आणि ठरावीक सीरियल नंबरचे युनिट बदलून द्यायची तयारी दाखवली. गंमत म्हणजे या दोन्हींवर ८० प्लस गोल्डचा शिक्का होता.

८० प्लस म्हणजे काय आणि काय नाही

८० प्लस हा अमेरिकेत २००४ मध्ये सुरू झालेला कार्यक्षमतेचा शिक्का. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पीसीपर्यंत पोचते आणि किती उष्णता होऊन जाते एवढंच तो सांगतो. ११५ व्होल्टवर निम्म्या भाराला ब्राँझला ८५ टक्के, गोल्डला ९०, प्लॅटिनमला ९२, टायटेनियमला ९४ लागतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तोच सप्लाय थोडा बरा निघतो.

पैशात बघू. पीसी ४०० वॅट खातोय असं धरलं तर ८५ टक्क्यांचा सप्लाय ४७१ वॅट ओढेल आणि ९० टक्क्यांचा ४४४. फरक २६-२७ वॅटचा. रोज ४ तास गेम, वर्षभर एकही सुट्टी न घेता, तर साधारण ३८ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला ३८० रुपये. तेव्हा फक्त बिल वाचवायला गोल्ड घेण्यात फार अर्थ नाही. तरी लोक गोल्ड घेतात आणि बरोबर करतात, कारण बहुतेक वेळा गोल्डमध्ये कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) चांगले असतात, फॅन शांत असतो, आणि कोर्सेअर आरएमएक्स किंवा सीझनिक फोकस जीएक्ससारख्या मालिकांना १० वर्षांची वॉरंटी मिळते. पण ती शिक्क्याची हमी नाही, त्या त्या मॉडेलची आहे, म्हणून मॉडेलचं नाव टाकून रिव्ह्यू वाचायचे, नुसतं गोल्ड बघून नाही.

अजून एक, ८० प्लसची टेस्ट २३ अंशांच्या आसपास होते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला बाहेर ४५ असताना एसी नसलेल्या खोलीत कॅबिनेटच्या आत काय होत असेल याचा विचार करा. त्यामुळं पूर्ण वॅट ४० अंशांना देतो की ५० अंशांना हे स्पेसिफिकेशनमध्ये बघायचं, आणि कपॅसिटर ८५ अंशवाले आहेत की १०५ वाले तेही. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी शिक्क्याच्या रंगापेक्षा हे आधी बघावं असं माझं मत.

कनेक्टर आणि केबल

मदरबोर्डला २४ पिनचा, प्रोसेसरला ४+४ पिनचा आणि कार्डाला ६+२ पिनचे. कार्डाचा स्लॉट स्वतः ७५ वॅट देतो, ६ पिन ७५ आणि ८ पिन १५०. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर सप्लायमधून दोन वेगळ्या केबल आणाव्यात, एकाच केबलच्या टोकाला लोंबणारा दुसरा कनेक्टर लावणं छोट्या कार्डाला चालून जातं, ३०० वॅटवाल्याला नको. मोलेक्सवरून (जुन्या ४ पिनच्या कनेक्टरवरून) ८ पिन करणारे कन्व्हर्टर १५०-२०० रुपयांत मिळतात, त्यांच्या नादी लागूच नये.

नवीन कार्डांना १६ पिनचा १२व्हीएचपीडब्ल्यूआर येतो, ६०० वॅटपर्यंतचा. ४०९० आल्यावर काही आठवड्यांतच हे कनेक्टर वितळल्याचे फोटो फिरायला लागले, आणि बऱ्याच प्रकरणांत तो पूर्ण आत बसलेला नव्हता असं निघालं. पुढच्या १२व्ही-२×६ मध्ये सेन्स पिन (कनेक्टर बसलाय का ते ओळखणाऱ्या छोट्या पिन) आखूड केल्या, म्हणजे कनेक्टर अर्धवट बसला तर कार्डाला पॉवरच मिळू नये. ५०९० बरोबर २०२५ मध्येही वितळल्याच्या तक्रारी आल्याच. तेव्हा तो आवाज येईपर्यंत दाबायचा, फट दिसतेय का ते टॉर्च मारून बघायचं आणि कनेक्टरच्या लगेच मागून केबल वाकवायची नाही.

मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा सप्लाय घेतला तर एक गोष्ट कोरून ठेवा: जुन्या सप्लायच्या केबल नव्याला लावायच्या नाहीत. कार्डाच्या बाजूचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण सप्लायच्या बाजूचं पिनआउट (कुठल्या पिनला कुठली वायर) प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचंही वेगळं. केबल बसते, छान क्लिक होते, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी किंवा हार्ड डिस्क डेटासकट गेली.

यूपीएस, इन्व्हर्टर आणि अर्थिंग

६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, बहुतेकांवर ३६० वॅट लिहिलेलं असतं. गेम चालू नसताना लाइट गेली तर तो सांभाळून घेतो, गेम चालू असताना गेली तर ओव्हरलोडचा बीप आणि काळोख. शिवाय आजच्या चांगल्या सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असतो आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर त्यातले काही लगेच बंद पडतात, त्यामुळं मोठ्या मशीनला प्युअर साइनवेव्हवाला यूपीएस. लाइट गेल्यावर सप्लाय स्वतःच्या कपॅसिटरवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, यूपीएसने तेवढ्यात स्विच व्हायला हवं. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर करा, नाहीतर पीसी रिस्टार्ट होणार.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर सप्लाय खराब आहे असं समजून बदलायला धावू नका, आधी सॉकेटची अर्थिंग तपासा. इनपुटच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर बॉडीला जोडलेले असतात, अर्थ नसेल तर बॉडीवर मुख्य लाइनच्या निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट फारच कमी असतो पण जाणवतो. जुन्या वाड्यात आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनचा सॉकेट दिसतो खरा, मागं तिसरी वायरच नसते. वायरमनला बोलवा.

कमी पडतोय हे कसं कळतं

हलका गेम तासभर नीट आणि जड गेम सुरू केला की निळी स्क्रीन न येता थेट काळं होऊन रिस्टार्ट, ही नेहमीची खूण. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसतं, पण त्याचा अर्थ मशीन नीट शटडाउन न होता बंद झाली इतकाच, लाइट गेली तरी तोच नंबर येतो. खात्री करायची तर एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळून बघा. बंद पडायचं थांबलं तर संशय सप्लायवर, मित्राचा एखादा मोठा सप्लाय त्याच्याच केबलसकट एक दिवस लावून बघा. तरीही बंद पडला तर मग रॅम आणि कार्डाच्या तापमानाकडे वळायचं.