नवव्या फ्रेमसाठी पाच फ्रेम

‘एडिटिंगआधी फुटेज प्रोरेसमध्ये बदलून घ्या, क्लॅरिटी वाढते’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. प्रोरेस म्हणजे ॲपलचा, एडिटिंगसाठीचा व्हिडिओ प्रकार. फाइल पाचपट फुगते, तेव्हा आत काहीतरी जास्तीचं आलं असणार असं वाटतंही. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कॅमेऱ्याने 8 बिटांत, म्हणजे रंगाच्या प्रत्येक घटकाच्या 256 पायऱ्यांत जे टिपलं, ते 10 बिटांच्या 1024 पायऱ्यांत ओतल्याने हरवलेल्या छटा परत येत नाहीत.

मग हा खटाटोप कशासाठी? उत्तर दडलंय फ्रेम साठवण्याच्या पद्धतीत, आणि मला तीच यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

1920 गुणिले 1080 पिक्सेल, सेकंदाला 25 फ्रेम, पिक्सेलमागे 3 बाइट. काहीही न दाबता साठवलं तर सेकंदाला सुमारे 155 मेगाबाइट होतात. 2006 मध्ये आलेला एव्हीसीएचडी हा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डिंग प्रकार तेच सेकंदभराचं चित्रण 24 मेगाबिटमध्ये, म्हणजे अवघ्या 3 मेगाबाइटमध्ये बसवतो. त्यामागचा एच.264 कोडेक, म्हणजे चित्रण दाबण्या-उलगडण्याची पद्धत, प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीतच नाही. आय-फ्रेम तेवढी संपूर्ण. पी-फ्रेममध्ये आधीच्या फ्रेममधला कुठला तुकडा किती सरकला आणि वर काय बदललं, एवढीच नोंद. बी-फ्रेम तर मागच्या आणि पुढच्या, दोन्ही फ्रेमकडून उसनवारी करते.

समजा क्रम असा आहे: आय बी बी पी बी बी पी बी बी पी. तुम्ही टाइमलाइनवर नवव्या फ्रेमवर क्लिक केलंत. ती बी-फ्रेम, तिला सातवी आणि दहावी हवी. दहावीला सातवी हवी, सातवीला चौथी, चौथीला पहिली. म्हणजे एक दाखवायला पाच उलगडल्या, त्यातही दहावी नववीच्या आधी! सरळ बघताना हे जाणवत नाही, कारण आधीच्या फ्रेम हाताशी तयार असतात. एडिटर मात्र सतत उड्या मारतो, उलटं चालवतो, चार कॅमेरे एकदम बघतो. तिथे प्रोसेसरचा घाम निघतो.

डीएनएक्सएचडी (2004), प्रोरेस (2007) यांसारख्या इंटरमीडिएट, म्हणजे एडिटिंगच्या मधल्या टप्प्यासाठीच्या कोडेकमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते. नववी हवी तर नववीच उघडायची. किंमत डिस्कवर मोजायची: सेकंदाला 24 मेगाबिटच्या तासाभराच्या चित्रणाचे जेमतेम 11 गीगाबाइट होतात, प्रोरेस 422 मध्ये साधारण 55. दुसरा फायदा असा की इफेक्ट लावून पुन्हा पुन्हा रेंडर करताना चित्राची झीज फार कमी होते. गुणवत्ता वाढत नाही, टिकते.

आता एच.264 उलगडणारं सर्किट बहुतेक ग्राफिक्स चिपमध्येच असतं, त्यामुळे दोन-चार कट आणि शीर्षक एवढंच काम असेल तर मूळ फाइलच टाइमलाइनवर टाका. मल्टिकॅम किंवा थरावर थर असतील तर रूपांतर करा. डिस्क अपुरी पडत असेल तर प्रॉक्सीवर, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकलांवर, कापाकापी करून शेवटी मूळ फाइल जोडता येते. मोबाइलच्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेग अनेकदा कमीजास्त होतो आणि आवाज ओठांच्या मागेपुढे पळतो. ती आधी एकसमान वेगात बदलून घ्यावी. आणि रूपांतर झालं म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाइल पुसू नका.