रेडिओ मोडेम: आधी वायर, मग हवा
दोन संगणकांमधली केबल काढून रेडिओ मोडेमची (केबलऐवजी रेडिओलहरींवरून डेटा पाठवणाऱ्या यंत्रांची) जोडी बसवली आणि डेटा जाईना, की पहिला संशय अँटेनावर जातो. दोष मात्र पुष्कळदा संगणक ते मोडेम या वीतभर वायरीतच असतो. म्हणून टर्मिनल प्रोग्राममध्ये फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्या-सोडण्याचे इशारे) आणि लोकल इको (टाइप केलेलं अक्षर प्रोग्रामने स्वतःच दाखवणं) बंद करून नऊ पिनांच्या सिरियल पोर्टच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना एकमेकींना जोडा. टर्मिनलमध्ये टाइप केलेली अक्षरं परत उमटली, तर पोर्ट ठीक आहे.

सेटिंगसाठी बऱ्याच मोडेमना कमांड मोडमध्ये, म्हणजे डेटा पाठवण्याऐवजी हुकूम ऐकण्याच्या स्थितीत, न्यावं लागतं: एक सेकंद शांतता, तीन अधिक चिन्हं, पुन्हा एक सेकंद शांतता. सवयीने एंटर दाबला की ही शांतता मोडते आणि मोडेम ढिम्म हलत नाही! चॅनल, नेटवर्क क्रमांक आणि हवेतला (मोडेम ते मोडेम) वेग दोन्ही टोकांना तंतोतंत सारखे हवेत. सिरियल बॉड रेट (वायरीवरचा वेग) मात्र प्रत्येक मोडेमचा त्याच्या संगणकाशी जुळला की पुरे.

खरी गंमत वेगात आहे. ९६०० बॉडला, स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटचे १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. सिरियल वेग १,१५,२०० आणि हवेतला ९६०० ठेवला, तर छोटे संदेश सुखरूप जातात. मोठ्या फाइलला मोडेमचा बफर (डेटाची तात्पुरती साठवण) भरतो आणि मधले तुकडे गळतात. यावर उपाय आरटीएस-सीटीएस फ्लो कंट्रोल, म्हणजे वेगळ्या तारांवरून ‘थांब’ आणि ‘पाठव’ असा इशारा. पण तीनच तारांच्या केबलमध्ये त्या तारा नसतातच. शिवाय बहुतेक मोडेम एका वेळी बोलतात किंवा ऐकतात, त्यामुळे उत्तराला उशीर होतो. केबलसाठी ठरवलेला टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) इथे वाढवावाच लागतो. मॉडबस आरटीयूला (औद्योगिक उपकरणांच्या संवादाच्या एका पद्धतीला) संदेशाच्या मध्ये खंड चालत नाही. तिथे पूर्ण संदेश एकाच पॅकेटात बसवा.

पल्ला हवा असेल तर हवेतला वेग उतरवा. तो चौथाई केला की सिग्नल पकडण्याच्या क्षमतेत साधारण ६ डेसिबल मिळतात. मोकळ्या जागेत तेवढ्याने अंतर दुप्पट होतं. टेबलावरची चाचणी कमी पॉवरवर करा, नाहीतर शेजारचा रिसीव्हर गुदमरतो. अँटेना न लावता ट्रान्समिट तर कधीच करू नका.

समोरचं टोक दिसतंय एवढ्यावरही भागत नाही. ४३३ मेगाहर्ट्झला एक किलोमीटरच्या मध्यावर फ्रेनेल झोनची (दोन अँटेनांमधल्या, सिग्नलला लागणाऱ्या लंबगोल जागेची) त्रिज्या सुमारे १३ मीटर असते आणि तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे ८ मीटर, मोकळा लागतो. तीन मीटरच्या खांबांवर तो जमिनीतच रुततो.