जुना रेडिओ आणि जुन्यासारखा रेडिओ

एकाच फडताळावर दोन पेट्या शेजारी ठेवल्या आहेत असे समजू. एक आहे १९५०च्या दशकातला व्हॉल्व्हचा रेडिओ: लाकडी खोके, पुढे कापडी जाळी, काचेची डायल आणि दोन्ही बाजूंना जाडजूड खुंट्या. दुसरा आहे सारेगामा कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेला ‘कारवाँ’, ज्याचा चेहरा साठच्या दशकातल्या ट्रान्झिस्टरची आठवण करून देतो. घरी आलेला पाहुणा दोन्हींना ‘व्हिंटेज’ म्हणून मोकळा होतो, आणि विक्रेत्यांनाही हाच शब्द सोयीचा वाटतो. वास्तविक तो पहिल्यालाच लागू पडतो. दुसऱ्यासाठी ‘रेट्रो’ हा शब्द आहे. दोन्हींची ओढ लोकांना वर्षानुवर्षे वाटत आली आहे, परंतु ती ओढ एकाच जातीची नाही, आणि वस्तू विकत घेताना हा फरक ठाऊक नसला तर पैसेही जातात आणि हौसही.

व्हिंटेज या शब्दाचा मूळ संबंध द्राक्षांच्या हंगामाशी आहे. अमुक एका वर्षाच्या तोडणीची वाइन, असा त्याचा अर्थ (नाशिककरांना हे अधिक सांगायला नको). वस्तू कोणत्या काळी तयार झाली, ही गोष्ट त्या शब्दातच बांधलेली आहे. रेट्रो हा शब्द १९७०च्या दशकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्यात मागे वळून पाहणे आहे, आणि मागे वळून पाहणारा अर्थातच आजचा असतो. जुन्या काळी बनलेली आणि त्याच काळाच्या पद्धतीने चालणारी वस्तू व्हिंटेज. आज बनवलेली, आजच्या तंत्राने चालणारी, पण जुन्या काळाचे रूप पांघरलेली वस्तू रेट्रो. व्याख्या एवढीच आहे. खरी मौज ती प्रत्यक्ष वस्तूंना लावून पाहताना येते.

व्हॉल्व्हचा रेडिओ सुरू केल्यावर लगेच बोलत नाही. आतल्या काचेच्या नळ्यांतील तार तापून लाल व्हावी लागते. तिला वीस-तीस सेकंद लागतात, आणि मग आवाज दुरून कोणी चालत यावे तसा हळूहळू जवळ येतो. डायलवर मीटरमध्ये तरंगलांबीचे आकडे असतात आणि काही सेटच्या काचेवर केंद्रांची नावेही छापलेली असतात. आकाशवाणीची मुंबईची अस्मितावाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागते. जुन्या डायलवर ती शोधायची तर काटा ५३७ मीटरच्या आसपास न्यावा लागतो, आणि तोही एका झटक्यात नाही, तर खरखर कमी होईपर्यंत खुंटी केसभर मागेपुढे करत. ज्या सेटला ‘मॅजिक आय’ असे, त्यात केंद्र नेमके लागले की हिरव्या प्रकाशाच्या पाकळ्या जवळ येत. काही घरांत खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली असे. ऐकण्यासाठी ऐकणाऱ्यालाही थोडे काम करावे लागे, आणि त्या कामाचे फळ म्हणून आवाज येत असे. व्हिंटेज यंत्राची ओढ मला तरी मुख्यतः येथे दिसते.

या सेटवर शॉर्टवेव्हचा, म्हणजे दूरदेशीची केंद्रे पकडणारा पट्टा इतका ठळक का, याचे उत्तर त्या काळाच्या इतिहासात आहे. १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे आली. शास्त्रीय संगीताच्या आग्रहापोटी त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरची चित्रपटगीते आक्रसली, आणि श्रोत्यांनी काटा थेट सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे वळवला. अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ १९५२च्या अखेरीस रेडिओ सिलोनवरून सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिने व्यापून टाकली. आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी. तोवर शॉर्टवेव्ह न लागणारा रेडिओ घेणे म्हणजे अर्धा रेडिओ घेणे होते. ठाण्याच्या कारखान्यात बनलेल्या मर्फीच्या सेटकडे आज पाहताना डायलवरचा तो पट्टा केवळ नक्षी नाही, हे लक्षात ठेवावे. एका सांस्कृतिक धोरणाला लोकांनी दिलेले ते उत्तर आहे.

या जुन्या सेटचे दुःखही त्याच पट्ट्यात आहे. ऐकणारे यंत्र शाबूत असले तरी बोलणारे केंद्र उरले पाहिजे. बीबीसीची हिंदी सेवा ३१ जानेवारी २०२० रोजी शॉर्टवेव्हवरून बंद झाली, आणि त्याआधी व नंतर आणखी कितीतरी प्रसारणे त्या पट्ट्यावरून उठून गेली. मीडियमवेव्हवर अजून काही लागते, एफएम मात्र यातल्या बहुतेक सेटमध्ये मुळातच नाही. व्हिंटेज वस्तू एकटी वाचत नाही; तिच्या भोवतालचे जग वाचले तरच ती पूर्ण चालते.

‘कारवाँ’ची गोष्ट नेमकी येथून वेगळी होते. त्यात पाच हजार हिंदी गाणी आधीच भरलेली असतात. शिवाय एफएम, ब्लूटूथ आणि पेनड्राइव्हची सोय. गोल खुंटी फिरवली की गायक किंवा संगीतकार बदलतो. ती हाताला जुन्या खुंटीसारखी लागते, पण तिच्यामागे हवेतले कोणतेही केंद्र नसते. अमीन सयानींची गीतमालाही त्यात एका कळीवर ठेवलेली आहे. ज्या कार्यक्रमासाठी बुधवारची वाट पाहावी लागे तो कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी, खरखरीविना मिळतो. मराठी गाण्यांची आवृत्तीही निघाली. ही वस्तू मोठ्या प्रमाणावर मुलांनी आईवडिलांना भेट म्हणून घेतली. घेणारा एक आणि ऐकणारा दुसरा, हे तिच्या यशाचे एक कारण असावे, कारण मुलाला ती दिसायला ‘बाबांच्या काळातली’ वाटते आणि बाबांना ती मोबाइलमधल्या ॲपपेक्षा सोपी जाते. या गोष्टीला मी नकली म्हणणार नाही. आपण जुने आहोत असा दावा ती करत नाही. आठवण ठेवून कटकट तेवढी काढून टाकली आहे, एवढेच सांगते. गंमत अशी की ती काढणारी सारेगामा ही कंपनी पूर्वीची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजेच घरोघरी ‘एचएमव्ही’ नावाने ओळखली जाणारी. रेट्रो वस्तू तिने बनवली, पण तिच्यात भरलेला ऐवज तिच्याच कोठारातला, अस्सल जुना होता.

आतापर्यंत हिशेब सरळ आहे: जुने आणि जुन्यासारखे. तो अवघड होतो ध्वनिमुद्रिकांपाशी. आज नव्याने छापलेली एलपी, म्हणजे लाँग-प्ले तबकडी, घेतली तर ती व्हिंटेज की रेट्रो? वस्तू नवी आहे, परंतु तंत्र जुनेच आहे: खोबणीतून सुई जाते, सुई हलते आणि त्या हालचालीचा आवाज होतो, १९४८ साली पहिल्या एलपी निघाल्या तेव्हाही हेच होत होते. अमेरिकेत २०२२ साली विनाइल तबकड्यांची विक्री नगांच्या हिशेबाने सीडींपेक्षा जास्त झाली, आणि असे १९८७ नंतर प्रथमच घडले. हे निव्वळ रूपाचे वेड असते तर तबकडीच्या आकाराच्या भिंतघड्याळांवर भागले असते. म्हणून मला वाटते की नव्या तबकडीला या दोन्ही खणांत कोंबू नये. जुने तंत्र पुढे चालू राहिले आहे, इतके म्हणणे पुरेसे आहे. फाउंटन पेनालाही हाच न्याय.

मात्र ती तबकडी ज्या यंत्रावर वाजते तेथे व्हिंटेज आणि रेट्रो यांची गल्लत प्रत्यक्ष नुकसान करते. अनेक घरांत बालगंधर्वांच्या किंवा हिराबाई बडोदेकरांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या माळ्यावर असतात, आणि त्या ऐकण्यासाठी कोणी हौसेने सुटकेसच्या आकाराचा नवा, रेट्रो प्लेअर आणतो. त्यावर ३३, ४५ आणि ७८ असे तिन्ही वेग लिहिलेले असतात, म्हणून काम झाले असे वाटते. परंतु वेग जुळणे पुरेसे नसते. ७८ची खोबणी रुंद असते आणि तिला साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई १८ मायक्रॉनच्या आसपास असते. अशा प्लेअरवर बहुधा हीच बारीक सुई येते. ती रुंद खोबणीच्या तळाशी, जेथे साठ-सत्तर वर्षांची धूळ बसलेली असते, तेथे घासत जाते, आणि गाण्याऐवजी प्रामुख्याने खरखर ऐकू येते. मग ‘तबकडी गेली’ असा निष्कर्ष निघतो, वास्तविक ती शाबूत असते.

उलट चूक याहून वाईट. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावू नये. लाखेच्या जुन्या तबकड्यांत कठीण भुकटी मिसळलेली असे, ती पोलादी पिनेला झिजवून खोबणीच्या आकाराची करी. म्हणूनच प्रत्येक वेळी पिन बदलायची रीत होती. जड साउंडबॉक्सखालची (पिन धरणाऱ्या, आवाज काढणाऱ्या डबीखालची) तीच पिन मऊ विनाइलवर टेकवली तर एका फेरीत खोबणी खरवडून निघते. पितळी कर्ण्याचा फोनो कितीही देखणा असला तरी त्याला त्याच्या काळाचेच खाद्य द्यावे लागते.

या कर्ण्यांबद्दल आणखी थोडे सांगायला हवे, कारण बाजारात तिसरा प्रकार येथेच भेटतो. मुंबईच्या चोरबाजारात किंवा बुधवार-रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात लखलखीत पितळी कर्णा, अष्टकोनी लाकडी पेटी आणि त्यावर ठळक ‘एचएमव्ही’चा बिल्ला असलेले ग्रामोफोन दिसतात. यातले पुष्कळसे अलीकडेच जुळवलेले असतात. आतली मोटर एखाद्या मोडलेल्या, पेटीत मिटणाऱ्या ग्रामोफोनची, बाकी सारे नवे. मनगटी घड्याळांतही हेच चालते. एचएमटी किंवा फाव्हर ल्युबाच्या जुन्या यंत्रावर नवी, भडक रंगवलेली डायल बसवून विकलेल्या घड्याळांना परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. अशा वस्तूला व्हिंटेज म्हणता येत नाही, कारण तिचे वय तुकड्यांत आहे. रेट्रोही म्हणता येत नाही, कारण रेट्रो वस्तू आपली जन्मतारीख लपवत नाही. एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ मूळचे अगदी साधे होते. ते झगमगू लागले की शंका घ्यावी. रेडिओच्या बाबतीत एक चांगला पुरावा कधीकधी हाती लागतो: पोस्टात दरवर्षी शुल्क भरून तिकिटे चिकटवलेली परवान्याची पुस्तिका. १९८०च्या दशकात ही परवाना पद्धत संपली; सेटबरोबर ती पुस्तिका मिळाली तर तिला रेडिओइतकेच जपावे.

वयाची रेषा कोठे ओढायची, याला सर्वमान्य उत्तर नाही. ब्रिटनमधल्या मोटारशौकिनांत व्हिंटेज म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर ते १९३० अखेरपर्यंत बनलेली गाडी. आपल्याकडे पुरावस्तूच्या १९७२च्या कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, पण तो प्रांत वेगळा. वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केला: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, खासगी वापराची दुचाकी वा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकच्या पहिल्या स्कूटर या रेषेपलीकडे गेल्या आहेत. २०२० साली विक्रीस आलेली विजेवरची चेतक मात्र नाव आणि गोलाईपुरती तिची वारस आहे. हँडलवरचे गिअर नाहीत आणि सकाळी सुरू करण्यापूर्वी तिला एका अंगावर कलती करण्याचा विधीही नाही. रेडिओ, कॅमेरे आणि घड्याळे यांना असा सरकारी नियम लागू नाही, तेथे विक्रेत्याची जीभ हीच रेषा.

म्हणून आकड्यापेक्षा मी दुसरी कसोटी वापरतो: वस्तू बिघडल्यावर काय होते ते पाहावे. व्हॉल्व्हचा रेडिओ बंद पडला तर मागचे पुठ्ठ्याचे झाकण उघडून आतला प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहता येतो. वीज साठवणारा कागदी कपॅसिटर गळला असेल, डायलची दोरी तुटली असेल, एखादा व्हॉल्व्ह मेला असेल. बहुतेक दोष डागणीने किंवा बदलीच्या भागाने निघतात, आणि जाणता मेकॅनिक अजून शोधला तर सापडतो. रेट्रो यंत्रात बॅटरी दमली तर एक वेळ बदलता येते, पण सर्किटचा बोर्ड गेला तर दुरुस्ती म्हणजे बहुधा नवा बोर्ड, आणि तो मिळेनासा झाला की छान दिसणारे खोके तेवढे उरते. ज्याला रोज संध्याकाळी गाणी ऐकायची आहेत त्याने हे समजून निःशंकपणे रेट्रो घ्यावे. ज्याला दुरुस्तीची, थांबण्याची आणि थोड्या खरखरीची आवड आहे त्याने व्हिंटेजच्या वाटेला जावे, आणि मग वर्षातून दोनदा झाकण उघडण्याची तयारी ठेवावी.

त्या वाटेला जाणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट पाळावी. आजोबांचा रेडिओ माळ्यावरून काढून थेट भिंतीतल्या प्लगला लावू नये. वीस-तीस वर्षे पडून राहिलेले कपॅसिटर आतून शॉर्ट झालेले असू शकतात आणि एका क्षणात ट्रान्सफॉर्मर जाळतात. शिवाय एसी-डीसी असे लिहिलेल्या सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो, त्यामुळे आतल्या पत्र्यात सरळ वीज येऊ शकते. खुंटी निखळली असेल तर उघड्या दांड्याला हात लावणेही धोक्याचे. मेकॅनिक अशा सेटला आधी शंभर वॉटच्या बल्बमधून, सिरीजमध्ये, वीज देतो. बल्ब भगभगून पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर डायलचा पिवळा दिवा लागतो, आणि मग अर्धा मिनिट थांबायचे असते.